पहिल्या तीन सेकंदांचा आवाज

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना इंजिनातून मोठा आवाज येतो आणि थोड्या वेळात आपोआप थांबतो. ही तक्रार घरोघरी आहे. आवाज थांबतो म्हणून कुणी ती गॅरेजपर्यंत नेत नाही, आणि नेली तर दोन टोकांची उत्तरं मिळतात. एक म्हणतो, ‘जुनी गाडी आहे, चालायचंच.’ दुसरा न ऐकताच म्हणतो, ‘चेन गेली, किट टाकावं लागेल.’ नाशिकला आमच्या घरी हाच प्रश्न निघाला. गाडी 1.2 लिटरची, पेट्रोलची, टायमिंग चेनच्या इंजिनाची. बोलणारे दोघे, माझे मामा आणि माझी मावसबहीण. मामांनी उभं आयुष्य मुंबईत लालबागला गॅरेज चालवलं. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींवर त्यांचा हात बसलेला. त्यांची भाची ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून पुण्यात एका मोठ्या वर्कशॉपमध्ये बिघाड शोधण्याचंच काम करते. मामांचा भरवसा कानावर, तिचा मोजमापावर. दोघांचं बोलणं मी इथे मांडतो आहे, कारण अशा गाड्यांवर नाहक खर्च करणारी आणि गरजेचा खर्च टाळणारी, दोन्ही प्रकारची माणसं मला रोज भेटतात.

मामा : आवाज कसला आहे ते नंतर. आधी कधी येतो ते सांगा. चावी फिरवल्याबरोबर, इंजिन पकडताना, की पकडल्यावर?

भाची : मामा, त्याच्याही आधी एक प्रश्न आहे. हा बिघाडाचा आवाज आहे का? आताच्या पेट्रोल गाड्या सकाळी मुद्दाम मोठ्यानं सुरू होतात. इंजिन थंड असलं की कॉम्प्युटर आयडल वाढवतो, बाराशे-पंधराशे आरपीएमपर्यंत नेतो. सायलेन्सरच्या लाइनीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो ना, तो अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअस तापल्याशिवाय नीट काम करत नाही. तो लवकर तापावा म्हणून ठिणगीसुद्धा थोडी उशिरा पाडतात. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं, तेव्हापासून नव्या गाडीत हे जास्तच जाणवतं. शोरूममधून गाडी घेऊन गेलेले लोक चार दिवसांत परत येतात, ‘इंजिन गुरगुरतं’ म्हणून. काही बिघडलेलं नसतं.

मामा : ते मला मान्य. पण तो आवाज एकसारखा भरलेला असतो. मिनिटभरात आरपीएम उतरले की तोही उतरतो. त्यात खडखड नसते, टकटक नसते, किंचाळणं नसतं. याच्या गाडीचं तसं नाही. मी काल अंगणात उभा होतो. खडखड झाली, स्पष्ट. आणि खडखड म्हणजे कुठेतरी लोखंडावर लोखंड आपटतंय. त्याला कुठलाही कॉम्प्युटर सांगत नाही, की आपट म्हणून.

भाची : बरोबर. मग तुमच्याच प्रश्नावर येऊ. चावी फिरवल्यापासून सुरुवात करू.

मामा : चावी फिरवली आणि ‘खर्र’ झालं, तर सेल्फ. एक तर बेंडिक्सचे दात खाल्लेत किंवा फ्लायव्हीलवरच्या रिंग गिअरचे. आणि यात एक गंमत आहे. चार सिलिंडरचं इंजिन बंद करताना कुठेही थांबत नाही. कॉम्प्रेशनमुळे ते फिरून फिरून त्याच दोन जागांवर येऊन थांबतं, एकमेकींच्या समोरासमोरच्या. मग सेल्फचे दात रोज रिंगच्या त्याच दोन पट्ट्यांवर जाऊन बसतात. बाकीची रिंग नवीकोरी आणि तेवढ्या दोनच जागी दात झिजलेले. टॅक्सीला दिवसातून कितीतरी वेळा सेल्फ लागायचा, तिथे हे मी सारखं बघितलंय.

भाची : म्हणूनच गिअरबॉक्स उतरवण्याआधी एक साधी परीक्षा करायची. खर्र झालं की चावी बंद करायची. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून हातानं थोडी ढकलायची, म्हणजे रिंग जराशी फिरते. पुन्हा न्यूट्रल करून सेल्फ मारायचा. आता आवाज आला नाही, तर दोष रिंगमध्ये. कुठल्याही जागी आला, तर दोष सेल्फमध्ये. सेल्फ काढून दुरुस्त करणं सोपं आहे. रिंगसाठी गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. दोन्हींच्या मजुरीत मोठा फरक आहे, त्यामुळे हे आधी कळलंच पाहिजे.

मामा : आणि नुसतं ‘टक’ होऊन गप्प बसली, किंवा ‘टकटकटक’ करत राहिली, तर बॅटरी. टर्मिनलवर पांढरा क्षार चढलेला असतो, नाहीतर बॉडी अर्थ ढिली. मी हेडलाइट लावून सेल्फ मारायला सांगायचो. लाइट एकदम मेली की समजायचं, बॅटरीत दम नाही.

भाची : मी मीटर लावते. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ फिरत असताना ती 9.6 च्या खाली जायला नको. गेली, तर बॅटरी किंवा केबल. गेली नाही तरी सेल्फ अडखळतो, तर सेल्फ. हेडलाइट मंद झाली हे तुम्हाला दिसतं, किती मंद झाली ते दिसत नाही. आणि मामा, इंजिन सुरू झाल्यावरही सेल्फची शिट्टी चालूच राहिली तर? तेव्हा लोक तसेच निघतात.

मामा : ताबडतोब बंद करायची. बेंडिक्स मागे सरकलेला नाही, इंजिन त्याला ओढून फिरवतंय. दोन-चार मिनिटांत सेल्फ जळतो.

आमच्या गाडीचा सेल्फ साफ होता. इंजिन एका फटक्यात पकडत होतं आणि आवाज पकडल्यानंतरच सुरू होत होता. इथे दोघांचं एकमत झालं की पहिला टप्पा सोडून द्यायचा. पट्ट्याचा विषयही त्यांनी लवकर संपवला. सुरू झाल्यावर जी किंचाळी ऐकू येते ती अल्टरनेटरच्या पट्ट्याची असते. सेल्फनं बॅटरीतून घेतलेली वीज भरून काढायची असल्यानं त्या वेळी अल्टरनेटरवर भार जास्त असतो आणि ढिला पट्टा घसरतो. पावसाळ्यात, पट्टा ओला असताना जास्तच. चालू पट्ट्यावर दुरून थोडं पाणी शिंपडून आवाज बदलतो का ते बघतात. बदलला तर पट्टा, त्याचा ताण किंवा पुलीची सरळ रेषा, नाही बदलला तर बेअरिंग तपासायचं. हात, ओढणी, बाही त्या बाजूला जाता कामा नये, एवढं मात्र भाचीनं दोनदा बजावलं.

सायलेन्सरवर मात्र दोघं रेंगाळले, आणि रेंगाळले ते योग्यच होतं.

मामा : थंड गाडी ‘फट्फट्’ करते आणि गरम झाली की गप्प होते, तर माणूस खूश होतो. तिथंच चुकतं. मॅनिफोल्डची गॅसकेट फुटलेली असते किंवा एखादा स्टड तुटलेला असतो. धातू तापला की फुगतो, फट बुजते, आवाज जातो. सकाळी परत फट उघडते. आम्ही काळ्या काजळीची रेघ शोधायचो. जिथून धूर निसटतो तिथं ती उमटतेच.

भाची : आणि समुद्राजवळच्या गाड्यांना जोडाजोडांवर गंज. रत्नागिरीहून, अलिबागहून आलेली गाडी लिफ्टवर घेतली की खालचं चित्र घाटावरच्या गाडीपेक्षा वेगळं असतं. परीक्षा सोपी आहे. इंजिन थंड असताना, उघड्यावर, जाड हातमोजा घालून मागच्या पाइपाच्या तोंडाशी जाड कापड क्षणभर धरायचं. धूर अडला की तो दुसरी वाट शोधतो आणि फुटलेल्या जागी फुसफुस वाढते. दुसऱ्या माणसानं तेव्हा इंजिनापाशी ऐकायचं.

मामा : क्षणभरच. आणि गरम पाइपाला नाही.

भाची : यात आवाजाचा प्रश्न दुय्यम आहे, मामा. इंजिनाजवळ गळणारा धूर एसीच्या हवेबरोबर आत येऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, झोप येते, आणि काचा बंद करून एसी लावून बसलेल्या माणसाला कळतच नाही. आपल्याकडे बंद गॅरेजमध्ये गाडी सुरू करून ‘गरम करत’ ठेवणारे लोक आहेत. सुरुवातीचा आवाज तपासतानासुद्धा शटर पूर्ण उघडं हवं, खरं तर गाडी अंगणात हवी.

मामा : हे मी पोरांना ओरडून सांगायचो. आणि एक भीती काढून टाक लोकांच्या मनातली. कितीतरी वेळा ती सगळी खडखड नुसत्या पत्र्याची असते. सायलेन्सरवर उष्णता अडवायला पत्रा लावलेला असतो, त्याचा बोल्ट गंजून पडतो. इंजिन सुरू होताना आणि बंद होताना जास्त हलतं, तेव्हाच तो वाजतो. एक लांब क्लॅम्प आवळला की झालं. अशा पत्र्यासाठी इंजिन उघडायला निघालेले लोक मी थांबवलेत.

गाडीखाली वाकून मामांनी पत्रा हलवून बघितला. घट्ट होता. काजळीची रेघ नव्हती. आता उरलं इंजिनाचं पोट. इथून दोघांचं खरं भांडण सुरू झालं.

मामा : लांब स्क्रूड्रायव्हर दे. पातं इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडावर. टॅपेट कव्हरवर टेकवला तर आवाज बारीक. अल्टरनेटरवर त्याहून बारीक. बाजूच्या चेन कव्हरवर टेकवला की हाडात घुमतो. चेन आहे. कान खोटं बोलत नाही.

भाची : कान खोटं बोलत नाही, पण ॲल्युमिनियम बोलतं. आवाज धातूतून दूर जातो. तुम्ही तीन जागा ताडून बघितल्या म्हणून मी मानते. एकाच जागी टेकवून निकाल दिला असता तर मानलं नसतं. पण चेन वाजते म्हणजे चेन गेली, असं होत नाही. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. इंजिन बंद झालं की दाब जातो. रात्रभरात टेन्शनरमधलं ऑइल झिरपून खाली उतरतं. सकाळी पंप फिरून दाब वरपर्यंत पोचेपर्यंत चेन ढिली असते आणि गाइडवर आपटते. दाब आला की टेन्शनर बाहेर येतो, चेन ताणली जाते, आवाज बंद. ही तीन सेकंदं चेनची नाहीत, ऑइल पोचण्याची आहेत. काही इंजिनांत कॅमच्या टोकाला व्हीव्हीटीचं, म्हणजे व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ बदलणारं, चाक असतं. त्याची पिन रात्री नीट अडकली नाही तर तेही असंच खडखडतं, आणि बाहेरून दोन्ही सारखेच ऐकू येतात.

मामा : मग सोपं आहे. ऑइल पातळ आहे, ते उतरून जातं. याच्या गाडीत 0डब्ल्यू-20 आहे. पाण्यासारखं. 20डब्ल्यू-50 टाक, पद्मिनीला हयातभर तेच टाकलं. आवाज गेला नाही तर नाव बदलीन.

भाची : पद्मिनीला ते बरोबर होतं. तिच्या बेअरिंगमधल्या फटी वेगळ्या, टॅपेट तुम्ही फिलर गेज घेऊन हातानं सेट करायचात, व्हीव्हीटी नव्हतं. या इंजिनात ऑइलच्या वाटा बारीक आहेत. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतला आहे. तो जितका लहान, तितकं ऑइल थंड असताना लवकर पळतं. म्हणजे जिथे आपल्याला घाई आहे त्याच तीन सेकंदांत तुम्ही दाट ऑइल मागताय. मुंबईत डिसेंबरातही ते कदाचित खपेल. इथून चाळीसेक किलोमीटरवर निफाडला हिवाळ्यात पारा एक आकडी होतो. तिथे सकाळी सहाला 20डब्ल्यू-50 हलायलाच वेळ लागेल.

मामा : पण आवाज दबतो, हे मी डोळ्यांनी... कानांनी अनुभवलंय.

भाची : दबतो. दाट ऑइल रात्रीतून कमी उतरतं, झिजलेल्या जागी जाड थर धरून ठेवतं. आवाज दबणं आणि झीज थांबणं या दोन गोष्टी आहेत. इंजिनाची झीज थंड सुरुवातीच्या वेळी जास्त होते, कारण तेव्हा वर ऑइल पोचलेलं नसतं. तुम्ही ते आणखी उशिरा पोचवताय आणि वर आवाज लपवताय. मालक निर्धास्त होतो. पुस्तकात जो नंबर छापलाय त्याच्या बाहेर मी जाणार नाही.

मामा बराच वेळ गप्प होते. मला इथे भाचीचं म्हणणं सोळा आणे पटतं आणि ते ठामपणे सांगायला हवं, कारण ‘जुनी झाली, आता दाट ऑइल टाक’ हा सल्ला आपल्याकडे गल्लोगल्ली मिळतो. आवाज हा मालकाला मिळणारा एकमेव इशारा असतो. तो बंद करण्यासाठी पैसे देणं म्हणजे पुढच्या मोठ्या बिलाची सोय करणं. ऑइलचा नंबर अनुभवावर ठरवायचा नसतो, त्या इंजिनाच्या पुस्तकात तो लिहिलेला असतो. पण पुढच्या मुद्द्यावर मामा बरोबर होते.

मामा : बरं, नंबर तुझा. पण मग तू स्कॅनर लावणार आणि चेन किट लिहून देणार. सगळीकडे तेच चालतं.

भाची : स्कॅनर लावणार हो. चेन जास्त लांबली असेल तर क्रँक आणि कॅम यांचा मेळ चुकतो, कॉम्प्युटर ‘पी0016’ हा कोड टाकतो.

मामा : आणि कोड नसला तर?

भाची : नसला तर... चेन अजून मर्यादेत आहे.

मामा : म्हणजे खडखड आहे आणि तुझ्या यंत्राला ती ऐकूच येत नाही.

भाची : इंजिनला एक कान असतो, मामा. ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असतो, तो कंपनं ऐकतो. पण तो पेट्रोल अवेळी पेटल्याचा ठोका पकडण्यासाठी ठराविक कंपनावर लावलेला असतो. चेनच्या खडखडीसाठी नाही. तेव्हा हे मी मान्य करते, आवाजाची सुरुवात माणसाच्या कानानंच होणार. स्कॅनर कोरा आहे म्हणून ‘सगळं ठीक’ असं लिहून देणारे लोक चुकतात.

मामा : आता दुसरं सांग. ही गाडी तुझ्या वर्कशॉपला आली असती तर तू हा आवाज ऐकला असतास का?

भाची : नसता ऐकला. घरून निघून तासभर ट्रॅफिकमधून गाडी येणार, इंजिन तापलेलं, टेन्शनर भरलेला. बंद करून लगेच सुरू केली तरी आवाज येत नाही.

मामा : हेच. ताप उतरल्यावर पेशंट दवाखान्यात येतो. मग तू त्याच्या बोलण्यावरून औषध देणार. आम्ही टॅक्सीवाल्याला सांगायचो, रात्री गाडी टाकून जा, सकाळी चहाच्या वेळी ये. पहिला सेल्फ मीच मारणार. बोनेटला हात लावून बघायचो, थंड आहे ना. तुझ्या वर्कशॉपमध्ये गाडी संध्याकाळी परत द्यायची घाई, रात्री ठेवायला जागा नाही, म्हणून चेन किट विकलं जातं. बिघाड शोधायला रात्र लागते.

भाचीनं यावर वाद घातला नाही. गाडी रात्री ठेवून घेण्याबद्दल ती वरिष्ठांशी बोलणार होती. ‘थंड’ म्हणजे हवा थंड असा अर्थ नाही, हेही त्या बोलण्यातून पुढे आलं. मे महिन्यात जळगावातही सात-आठ तास उभी राहिलेली गाडी इंजिनाच्या हिशोबानं थंडच असते. ऑइल तिथेही उतरलेलं असतं.

मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवावा का, यावरही दोघांची चकमक झाली. मामांच्या मते मोबाइल सगळे आवाज सारखे करून टाकतो. ते खरं आहे. मोबाइलचा माइक मोठा आवाज आपोआप दाबतो आणि बारीक आवाज उचलतो, त्यामुळे खडखड मोठी की लहान हे त्यावरून ठरवू नये. पण भाचीला त्यातून वेळ हवी होती. चावी फिरल्यापासून आवाज किती सेकंदांनी थांबला, आणि डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा कधी विझला, या दोन गोष्टी एकाच व्हिडिओत दिसल्या तर त्यांची सांगड घालता येते. आमच्या गाडीचा दिवा लगेच विझत होता, खडखड मात्र तीनेक सेकंद चालत होती.

मामा : दिवा विझतो ना? मग दाब आहे.

भाची : तो दिवा साधारण अर्ध्या बारच्या खाली दाब गेला तरच पेटतो. विझला याचा अर्थ दाब पुरेसा आहे असा नाही, अगदीच शून्य नाही एवढाच. त्या स्विचच्या जागी गेज लावून बघायला लागतं.

मामा : लाव. पण त्याआधी तो फिल्टर काढ. मला त्याचा डबा आवडलेला नाही.

आणि उत्तर त्या डब्यात होतं. मागच्या सर्व्हिसला कुठल्याशा गॅरेजमध्ये बसवलेला फिल्टर नाव-नंबर नसलेला होता. अशा गोल फिल्टरच्या आत रबराची एक झडप असते. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल मागे उतरू नये म्हणून ती भोकं झाकून ठेवते. चांगल्या फिल्टरमध्ये हे रबर वर्षभराच्या उष्णतेनंतरही लवचीक राहतं. या फिल्टरचं रबर कडक होऊन कडेनं उचललं गेलं होतं. म्हणजे रोज रात्री फिल्टर रिकामा होत होता आणि रोज सकाळी पंपाला आधी तो भरावा लागत होता; तोवर वर चेन ढिली. मामांनी झडप बोटानं दाबून दाखवली. भाचीनं ऑइलची काठी पुसून बघितली तर पातळीही खालच्या खुणेशी आली होती.

पुस्तकातल्या नंबरचं ऑइल, कंपनीचा फिल्टर, आणि गाडी रात्रभर हलवायची नाही, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बोनेटपाशी उभे होते. खडखड झाली, पण जेमतेम सेकंदभर.

मामा : झालं. सोडून दे.

भाची : सोडायचं नाही, मोजायचं. सेकंदभराची का असेना, खडखड आहे. टेन्शनर थोडा झिजला असेल, चेनही. चेनच्या कड्या ताणल्या जात नाहीत, त्यांच्या पिना झिजतात आणि शेकडो पिनांची झीज मिळून चेन लांबते. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत ती लवकर लांबते.

मामा : आणि मोजून कळलं की थोडी झिजली आहे, तर उघडणार?

भाची : मर्यादेत असेल तर नाही. मर्यादेबाहेर असेल तर एक दिवसही थांबणार नाही. चेननं दात सोडला तर आजच्या बहुतेक इंजिनांत पिस्टन जाऊन व्हॉल्व्हला धडकतो. मग हेड उतरवावं लागतं. चेन, टेन्शनर, गाइड आणि स्प्रॉकेट एकत्र बदलायला जो खर्च येतो, त्याच्या कितीतरी पट त्यात जातो. आणि बदलायचं तर सगळं एकत्र. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन घालायची नाही.

मामा : यात मी तुझ्याबरोबर आहे. नुसता टेन्शनर बदलून गाडी दिली की ती सहा महिन्यांत परत यायचीच.

गेज लावलं. गरम इंजिनाचा आयडलवरचा दाब पुस्तकातल्या आकड्यात बसला. स्कॅनरवर कोड नव्हता आणि कॅम-क्रँकचा मेळ मर्यादेत होता. भाचीनं आकडे सर्व्हिसच्या वहीत तारखेसह लिहून ठेवले आणि पुढच्या ऑइलच्या वेळी पुन्हा थंड सुरुवात ऐकून तेच आकडे ताडायचे असं सांगितलं. मामांना ती वही आवडली. त्यांच्या काळी प्रत्येक टॅक्सीचा इतिहास त्यांच्या डोक्यात होता. आताची गाडी दर सर्व्हिसला वेगळ्या हातात जाते, म्हणून लिहून ठेवायला हवं, हे त्यांनीच बोलून दाखवलं. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली. ते इंजिन कानानं सांभाळणाऱ्या मेकॅनिकांची पिढीही आता कामातून निघते आहे. त्यांचा कान स्कॅनरच्या शेजारी उभा राहिला पाहिजे, आणि तो धडा शिकवणारी वर्कशॉप मला फार कमी दिसतात. नव्या मुलांना कोडची यादी शिकवली जाते, थंड इंजिनापाशी उभं राहून ऐकायला शिकवलं जात नाही. याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

चेन किटचा अंदाज हातात घेऊन बसलेल्या प्रत्येक वाचकाला माझी विनंती आहे. पैसे भरण्याआधी गाडी एक रात्र गॅरेजवर ठेवा आणि सकाळचा पहिला सेल्फ मेकॅनिकला तुमच्यासमोर मारायला सांगा. मागच्या सर्व्हिसचा फिल्टर कुठला होता ते विचारा, ऑइलचा नंबर पुस्तकाशी ताडून बघा, आणि आवाज दाबण्यासाठी दाट ऑइल सुचवलं तर नकार द्या. मात्र खडखडीबरोबर ऑइलचा लाल दिवाही पेटलेला राहिला, तर यातलं काहीही करत बसू नका. इंजिन त्याच क्षणी बंद करा, ‘एकदा बघू’ म्हणून पुन्हा सुरू करू नका, आणि गाडी टो करूनच गॅरेजला न्या.